नवरे उसने नेणारी एजे

रशियातल्या मजुरीवरून कुणाचा नवरा घरी परतला की आमच्या गावात दोन गोष्टी ठरलेल्या. एक म्हणजे मेंढा कापायचा. दुसरी म्हणजे चार-आठ दिवसांत सोनुनबूबू एजे दारात हजर होणार आणि त्या नवऱ्याला फुकटात कामाला जुंपणार. कधी तिचे घोडे वरच्या कुरणात न्यायचे असत, कधी तिथल्या गोठ्याचं छप्पर शाकारायचं असे. मजुरीचं नाव नाही. "कोकरं सुटायची वाट बघत लांडगा बसतो, तशी बसलेली असते बाई," असं म्हणून बायका हसायच्या. लग्न होऊन आले तेव्हा मीही त्यांच्याबरोबर हसायचे.

एजे म्हणजे थोरली बहीण. सोनुनबूबू सगळ्या गावाचीच एजे होती, कारण गावच्या दवाखान्यातली सुईण तीच. ऐन तारुण्यात नवरा गेलेला, लेक शहरात दिलेली. अंगानं दणकट, आवाज दरीपलीकडे जाईल असा, आणि तोंडाला कुलूप नाही असं सगळ्यांना वाटायचं. ते खोटं होतं हे मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या बाळंतपणात माझं हृदय थकलं. मोठ्या गावच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, तिसऱ्यांदा दिवस राहिले तर आई हाती लागायची नाही. एजेनं तांबी बसवली आणि मी निर्धास्त झाले. वर्षं गेली. तांबीची मुदत संपत आली तेव्हा कुबान, माझा नवरा, नोवोसिबिर्स्कला बांधकामावर होता. घरात नवराच नाही तर घाई कसली, म्हणून मी आज-उद्या करत राहिले. आमच्या बायकांचा हिशोबच तसा. आणि त्या वसंतात कुबान न कळवता दोन वर्षांनी दारात उभा राहिला.

मेंढा कापून झाला, पाहुणे पांगले, आणि मी धावत दवाखाना गाठला.

"एजे, मुदत संपली. आजच जुनी काढा नि नवी बसवा."

"नवरा कधी आला?"

"झाले चार दिवस."

"मग आज नाही."

"का नाही? नवी तुमच्या कपाटात आहे ना?"

"कपाटात आहे, तुझ्या पोटात नाही. जुनी काढली आणि नवी बसली नाही तर? पुरुषाचं बीज आठवडाभर दम धरून बसतं. घर रिकामं असताना छप्पर बदलावं, बये. पाहुणे भरल्यावर नाही."

"पण जुनी नासली असेल. विष होईल तिचं."

"ते काय दूध आहे एका रात्रीत नासायला? आठवडाभर नवऱ्यापासून लांब राहा, मग ये. तोवर जुनी राहू दे, ती राखण करतेय."

आता आली का पंचाईत? दोन वर्षांनी आलेल्या माणसाला लांब राहा म्हणून कोणत्या तोंडानं सांगू? पातळ भिंतीपलीकडे सासूबाई. त्यांचं नावसुद्धा मी आजतागायत घेतलेलं नाही, तिथे असलं काही बोलणं दूरच. मी रडायलाच लागले. एजे म्हणाली, "घरी जा. तोंडातून अवाक्षर काढू नकोस."

संध्याकाळी ती आमच्याकडे आली आणि थेट मानाच्या जागी बसली. म्हणाली, "कुबान, माझे घोडे वर न्यायचेत. उद्या पहाटे नीघ. गोठ्याचं छप्परही बघ, हिमानं पार बसलंय."

सासूबाईंचा पारा चढला. "अगं, पोरगं आत्ता आलंय. त्याच्या अंगातला बर्फातल्या कामाचा थकवा तरी जाऊ दे. दुसऱ्यांचे नवरे राबवायची सवय जात नाही ना तुझी?"

"माझा असता तर त्यालाच राबवला असता," एजे म्हणाली.

सासूबाईंनी माझ्या हातातली किटली घेतली आणि एजेची वाटी काठोकाठ भरली. आमच्याकडे चहा थोडा थोडा ओततात, म्हणजे पाहुणा पुन्हा पुन्हा मागतो आणि बसून राहतो. काठोकाठ वाटी म्हणजे उठा आता. माझी मान खाली गेली. एजेनं तो चहा फुंकर मारत संपवला, वाटी पुढे केली आणि म्हणाली, "छान झालाय. अजून घाल."

कुबान कुरकुरत गेला. वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही.

आठवडा उलटल्यावर मी दवाखान्यात गेले. जुनी तांबी सहज निघाली. नवी मात्र बसेना. एजेनं एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, माझा चेहरा पांढराफटक पडलेला बघितला आणि हात मागे घेतला.

"जबरदस्ती नको. हे डॉक्टरीणबाईंच्या हातानंच होऊ दे."

"म्हणजे आता मला काहीच आधार नाही?"

"आहे की. तुझ्या नि नवऱ्याच्या मधे अख्खा डोंगर आहे."

तेव्हा मला सगळं लख्ख दिसलं. फक्त माझंच नाही, इतक्या वर्षांतले सगळे घोडे आणि सगळी छप्परं. मी विचारलं, "एजे, सरळ सांगत का नाही तुम्ही लोकांना?"

"कामाच्या पहिल्या वर्षी एकीच्या नवऱ्याला सांगितलं होतं, आठवडाभर लांब राहा. त्याला वाटलं, बायको दुसऱ्या कुणासाठी टाळतेय. मारलंन तिला. त्यापेक्षा मी हावरट बरी."

एजेचा वर निरोप गेला की एक घोडी लंगडतेय, थांब. कुबान थांबला. डॉक्टरीणबाईंनी नवी तांबी बसवली, त्यानंतरच त्या घोडीचा पाय बरा झाला. मी जगले. दोन्ही लेकींची लग्नं मी माझ्या हातानं लावली. या उपकाराची फेड नाही, आणि मला ती करायचीही नाही. त्या ऋणात मी सुखानं राहते.

सासूबाई गेल्या, एजे थकली. परवा कुबान जुनं उकरून काढत म्हणाला, "त्या म्हातारीनं मला राबवलं, पण तिच्या घोडींच्या आंबवलेल्या दुधाचा, कुमीसचा, एक घोट पाजला नाही." मग मात्र मी सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तो कुऱ्हाड आणि खिळे घेऊन एजेच्या घराकडे. मी मागोमाग गेले. एजे खिडकीतून ओरडली, "तुला कुणी बोलावलं रे? तुझी बायको आता त्या वयातून सुटली."

कुबान शिडी लावून वर चढला. छप्पर शाकारून खाली उतरला आणि तिला हाताला धरून आमच्या घरी घेऊन आला. मानाच्या जागी बसवलं. मी किटलीला हात घालणार तेवढ्यात त्यानंच ती उचलली. आमच्याकडे चहा बायकांनीच ओतायचा, घरचा पुरुष किटलीला हात लावत नाही. त्यानं एजेच्या वाटीत तळ झाकेल एवढाच चहा ओतला.

एजेनं वाटीत डोकावून पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. घोटभर चहा पिऊन तिनं वाटी परत पुढे केली. त्यानं पुन्हा तेवढाच ओतला.

अंधार पडेपर्यंत ती उठली नाही.