वाफ गेली कुठे

अमेरिकेतल्या डलूथ शहरात, स्कूलबसच्या गॅरेजमध्ये व्हर्लिन हॉगस्टॅडने हयात घालवली. निवृत्त झाल्यावरही त्याचे हात काही गप्प बसेनात. कुणाकडे काही बिघडलं की बोलावण्याची वाट न बघता हा हत्यारं घेऊन दारात हजर.

त्याच्या विधवा बहिणीच्या, आर्लिसच्या, बाथरूमचं छत बुरशीने काळं पडलं, तेव्हा तोच धावून आला. अंघोळ झाली की पंखा लावायला ती हमखास विसरायची. मग व्हर्लिनने एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात हवेतली ओल मोजणारा सेन्सर बसवला आणि तो एक्झॉस्ट पंख्याला जोडला. वाफ वाढली की पंखा आपोआप सुरू, हवा कोरडी झाली की बंद.

"ड्वेनपेक्षा जास्त लक्ष आहे याचं माझ्याकडे!" आर्लिस चर्चमधल्या बायकांना सांगायची. ड्वेन म्हणजे तिचा नवरा. घराचं छप्पर त्याने स्वतःच्या हाताने घातलं होतं.

एक गोष्ट मात्र व्हर्लिनने कुणाला सांगितली नव्हती. पंख्याची नळी छपरातून बाहेर काढायला हवी होती. पण त्या वर्षी बर्फ लवकर पडला आणि वर चढून भोक पाडायचं त्याच्या जिवावर आलं. 'बर्फ गेल्यावर बघू,' म्हणत त्याने नळीचं तोंड माळ्यातच मोकळं सोडलं.

मार्चमध्ये ऊन तापलं आणि आर्लिसच्या पलंगावरच्या छताला तपकिरी डाग पडला.

"गळतंय ड्वेनचं छप्पर," ती म्हणाली. "घालताना कारागीर बोलवू या म्हटलं, तर केवढा भांडला होता माझ्याशी!"

व्हर्लिन माळ्यावर चढला. हिवाळाभर तिथे कोंडलेली वाफ छपराच्या फळ्यांना आतून गोठून चिकटली होती आणि आता खिळ्याखिळ्यावरून ठिबकत होती. बाहेरून एक थेंब आत आलेला नव्हता.

"काय रे, फार वाईट आहे का?" खालून आर्लिसने विचारलं.

"बघतो," एवढंच तो म्हणाला. तो खाली उतरला आणि तिने कापलेला केक त्याने मुकाट्याने खाल्ला.

त्यानंतर तो आला की ड्वेनचा उद्धार ठरलेला. एकदा केक देताना ती म्हणाली, "या मेमोरियल डेला सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं नेतील, मी त्याच्या थडग्यावर नेणारच नाही. बसू दे तसाच."

व्हर्लिनच्या हातातला काटा थांबला.

"आर्लिस, छप्पर चांगलं आहे. चूक माझी आहे. पंख्याची वाफ मी बाहेर काढलीच नाही. माळ्यातच सोडली."

"म्हणजे ड्वेनचं छप्पर..."

"एक थेंबही गळलेलं नाही."

"आणि मी त्या गेलेल्या माणसाला शिव्या घालत होते! तू समोर बसून केक चापत होतास!"

व्हर्लिनने केकची बशी बाजूला सारली.

"शिडी गॅरेजमध्ये आहे," ती म्हणाली. "जा. आणि त्याच्या छपराला भोक पाडशील ना, ते नीट पाड."