आबांचं कोठार

आबा लॅबमध्ये शिरले की आधी इंटरनेटची वायर काढून शर्टाच्या खिशात घालत. मग हजेरी. "शेजारणीच्या चुलीवर किती दिवस भाकरी भाजणार?" असं वर मलाच विचारत.

धुळ्याहून एसटीने तासाभराच्या गावात आमचं कॉलेज. आबा संगणक विभागाचे प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. सगळी लॅब एकदम फुकट मिळणाऱ्या लिनक्सची सॉफ्टवेअर इंटरनेटवरून उतरवायला बसली की तास संपे, पण सॉफ्टवेअर येत नसे. म्हणून आबांनी एका जुन्या सर्व्हरवर कोठार केलं होतं. अभ्यासक्रमाला लागणारी सगळी पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, त्यात साठवलेली. प्रत्येक मशीनला सांगून ठेवलेलं, बाहेर बघायचं नाही, इथूनच घ्यायचं. भर घालायची असली की आबा हार्ड डिस्क जेवणाच्या पिशवीत टाकून धुळ्याला जात आणि ओळखीच्या कॉलेजातून भरून आणत.

आमच्या चेअरमन भाऊंना हा उद्योग पटत नसे. त्यांनी एकदा विंडोजची चोरीची कॉपी मिळवून पाठवली. आबांनी ती परत केली. "भाऊ, चोरी शिकवायची असेल तर वेगळा विभाग काढा."

मग आमच्याकडचं प्रात्यक्षिक परीक्षेचं केंद्र धुळ्याला हलवायचं म्हणून समिती आली. केंद्र हललं असतं तर आमच्या कितीतरी मुलींचा विषयच सुटला असता. घरचे त्यांना धुळ्याला पाठवणारे नव्हते. समितीतल्या एका साहेबांनी रिकाम्या मशीनकडे बोट दाखवून व्हिडिओच्या कुठल्याशा सॉफ्टवेअरचं नाव घेतलं.

"हे घालून दाखवा."

"ते नाही आमच्याकडे."

"मग कसलं कोठार?"

"साहेब, अभ्यासक्रमातलं मागा. लग्नाचं शूटिंग शिकवत नाही आम्ही."

साहेबांनी अभ्यासक्रमातलं मागितलं. चहा येईपर्यंत ते मशीनवर चालू झालं होतं. केंद्र राहिलं.

आबांची निवृत्ती जवळ आली तसे भाऊ उघड बोलू लागले, "आबा गेले की हे खटलं बंद. केंद्र जाईना का धुळ्याला." शेवटच्या दिवशी आबांनी निरोप समारंभ टाळला, लॅबमध्ये आले आणि माझ्यादेखत सर्व्हरवरचं सगळं कोठार पुसून टाकलं. परीक्षा आठवड्यावर आली होती, आणि तिला लागणारं सगळं त्या कोठारातूनच मशीनवर घालायचं होतं.

"आबा, हे काय केलंत?"

"माझं मोडलं. तू भरशील ते टिकेल."

"दुसरी प्रत कुठे आहे?"

"ठेवली नाही."

मी तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "घरमा दाना भरना पडस पोरी, बोलीसन कनगी भरत नही," असं अहिराणीत म्हणाले आणि चप्पल घालून निघून गेले.

मी धुळ्याला जाऊन डिस्क भरून आणली. लॅबच्या मशीनांनी त्यातलं एकही पॅकेज घेतलं नाही. चिडून आबांना फोन लावला.

"पॅकेजेस कोणत्या मशीनची आणली? तुझ्या, का पोरींच्या?" एवढं विचारून त्यांनी फोन ठेवला.

खरंच, माझ्या नव्या लॅपटॉपला चालतील तीच मी आणली होती. लॅबची मशीनं जुनी, त्यांची पॅकेजेस वेगळी. पुन्हा एसटी, पुन्हा धुळं. या वेळी प्रत्येक मशीनवर घालून, चालवून पाहिलं. एका मशीनने दोनदा नकार दिला, तिसऱ्यांदा ऐकलं.

परीक्षेच्या सकाळी भाऊ लॅबच्या दारात आले.

"काय मॅडम, धुळ्याला गाडी सांगू का मुलींसाठी?"

"आत परीक्षा चालू आहे, भाऊ. जरा हळू बोला."