देवाला म्हटलेलं ‘येते’

देवाबद्दल मला कधी शंका नव्हती. शंका होती ती माझ्या धाकट्या जावेबद्दल, शांताबद्दल. पुसेगावातल्या आमच्या बायकांच्या भजनी मंडळात ती पेटी वाजवते, मी गाते. आमच्यात एक जुनं पद आहे: ‘येते देवा, येते आता, दार उघडं ठेव.’ घरातून निघताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. म्हणून हे निरोपाचं पद, शेवटीच म्हणायचं, असं माझं मत. शांताचं म्हणणं, पदातली बाई अजून देवळाच्या वाटेवर आहे, म्हणून ते आधी घ्यायचं. एका मंगळवारी तिनं मला न विचारता सुरुवातीलाच ते पेटीवर धरलं, आणि निम्म्या बायका भजन संपलं समजून प्रसादाला उठल्या. मी चारचौघींत तिला नको ते बोलले. मग चार महिने आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही.

त्यातच माझ्या पित्ताशयात खडे निघाले. हिंगोलीच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. शांता न बोलावता सोबत आली, पण अबोला सुटला नाही. मला पांघरूण हवं असलं की मी आमच्या ह्यांना सांगायची, हे तिला सांगायचे. बिचारे आम्हा दोघींमध्ये पोस्टमन झाले होते.

स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा मात्र माझा धीर सुटला. डोळे मिटून मी पुटपुटू लागले, “येते देवा, येते आता…” स्ट्रेचर ढकलणारा मिशाळ माणूस थबकला.

“मावशी, देवाला आत्ताच ‘येते’ म्हणून नका राहू. त्यानं ऐकलं तर आमाला तकलीफ व्हईल. घरच्यांना म्हणा.”

मी मान वळवली. आमचे हे कागद चाळत होते. समोर शांता उभी होती, पदर तोंडाशी धरून.

“येते, शांते.”

“या अक्का. मी इथंच हाय, दारात.”

त्यानंतरचं मला काही आठवत नाही. आठवते ती फक्त आतून निघून गेलेली भीती.

घरी निघताना मी त्या माणसाला हात जोडले. त्याला मी आठवतही नव्हते. तो म्हणाला, हे तो सगळ्यांनाच सांगतो. घरच्यांशी बोलणारा पेशंट दांडी घट्ट धरून बसत नाही, स्ट्रेचर सरळ जातं. ऐकून मला हसू आलं, आणि टाके दुखले.

तरी त्याच्या तोंडून कोण बोललं, हे मी ठरवत बसत नाही. आता पदांचा क्रम शांता लावते. ती सूर धरते, मी तोंड उघडते. हे येणं की जाणं, ते ज्याला ऐकवायचं त्यानं ओळखावं. मी हाक दिली आणि कुणीतरी ओ दिली, एवढ्यानं माझं मन भरून येतं.