श्री काढलेलं पान

रुही पहिल्यांदा माझ्या घरी आली ती आईबरोबर पोळ्या न्यायला. सहा वर्षांची असेल. अमेरिकेत, टेक्सासमधल्या फ्रिस्कोत आम्ही नवीनच होतो आणि मी घरून पोळ्या करून द्यायला लागले होते. तिची आई विनीता दर गुरुवारी वीस पोळ्या न्यायची. त्या दिवशी पोळ्या अजून व्हायच्या होत्या. विनीता बाहेर फोनवर बोलत थांबली आणि ही पोरगी आत येऊन स्टुलावर बसली. मला लाटताना अभंग म्हणायची सवय आहे. एक कडवं झालं, मी तव्याकडे वळले, तर मागून तेच कडवं परत ऐकू आलं. शब्द सगळे मोडके, पण चाल जिथल्या तिथं.

"अगं, कुठं शिकलीस हे?"

"नाऊ," ती म्हणाली. "तू आत्ता गायलीस ना."

त्याला आता बारा वर्षं होतील. पोळ्या नको असल्या तरी गुरुवारी रुही यायचीच. माझ्याकडे ना पेटी ना तंबोरा. शेगडीवरचा एक्झॉस्ट फॅन एकच सूर धरून गुणगुणतो, तोच आमचा तंबोरा. ओळ कुठंही फिरून आली तरी शेवटी फॅनच्या सुरावर येऊन टेकली पाहिजे, एवढंच मी तिला शिकवलं. मला तेवढंच येतं. नाच, इंग्रजी गाणी, शाळेतली नाटकं हे सगळं ती बाहेर शिकली.

पण नाटक तिच्या अंगातच होतं. दहाव्या वर्षी मंडळाच्या गणपतीत ती हवालदार झाली होती. भर प्रसंगात मिशी गळून पडली. दुसरं पोर रडलं असतं. हिने मिशी उचलली, नीट झटकली, खिशात घातली आणि म्हणाली, "आपली ड्युटी संपली." ते वाक्य नाटकात नव्हतंच. लोक हसून हसून खुर्चीवरून पडायचे राहिले. यतीन, म्हणजे तिचा बाबा, सगळ्यात जोरात हसत होता.

तोच यतीन, तिने अकरावीत "मला कॉलेजमध्ये म्युझिकल थिएटर करायचंय" म्हटल्यावर मात्र बिथरला. नागपूरहून इथं येऊन त्याने वीस वर्षं कॉम्प्युटरपुढे काढलेली. मला म्हणाला, "ताई, तुम्हीच चढवलंय हिला."

"मी पोळ्या लाटते, यतीन. मी कुणाला काय चढवणार?"

शेवटी बारावीत बापलेकीत करार झाला. मार्चअखेरपर्यंत एका जरी कॉलेजने घेतलं, तर यतीन स्वतः सोडायला जाणार. एकानेही नाही घेतलं, तर इथल्याच युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर सायन्स. तिथली ॲडमिशन झालेलीच होती. "नंतर रडायचं नाही," यतीन म्हणाला. रुहीने हात पुढे केला आणि दोघांनी दुकानदारासारखा हात मिळवला.

मला आधी वाटायचं, गाणं म्हणून दाखवलं की झालं. तसं नसतं. आधी व्हिडिओ पाठवायचे. त्यातून निवडलं तर समोर बोलावतात. गाणं, नाटकातला उतारा, नाच, सगळं मिळून पाच मिनिटं. एकेका कॉलेजात वीस जागा आणि हजारभर मुलं. रुहीने चौदा ठिकाणी व्हिडिओ पाठवले. आठांनी बोलावलं. फेब्रुवारीत शिकागोच्या एका मोठ्या हॉटेलात ती सगळी कॉलेजं एकदमच येतात, आणि पोरं या खोलीतून त्या खोलीत पळत असतात. पहिलीच ऑडिशन तिच्या सगळ्यात लाडक्या कॉलेजची, ओहायोतल्या.

निघायच्या आदल्या दिवशी ती नमस्काराला आली. हातात गाण्यांची फाइल होती. त्यातला नोटेशनचा कागद समोरच्या पियानोवाल्यापुढे ठेवायचा असतो. तो बघून वाजवतो, ही गाते. "उद्या सकाळी जाताना नेते, आज तुझ्या देवापुढे ठेव," म्हणाली.

आम्ही मराठी शाळेतली माणसं. वही कोरी असो की उत्तरपत्रिका, वर श्री काढल्याशिवाय आमचं पान पुढे जात नाही. मी कुंकू कालवलं, पहिल्या गाण्याच्या पहिल्या पानावर चांगला ठसठशीत श्री काढला, चिमूटभर अक्षता वाहिल्या, फाइल मिटली आणि वर नारळ ठेवला. सकाळी तिच्या हातावर दही घातलं. फाइल तशीच तिच्या बॅगेत गेली.

चार दिवसांनी परत आली. "कशा झाल्या?" विचारलं तर म्हणाली, "गुड, मावशी." आणि पोळी खायला लागली.

मग वाट बघणं सुरू झालं. उत्तरं फोनवर येत होती, पण एकदम नाही, एकेक करत. पहिला नकार आला तेव्हा ती हसली. तिसरा आला तेव्हा म्हणाली, "यार, निदान नाव तरी नीट लिहा." पाचव्यानंतर गायची थांबली. गुरुवारी यायची, स्टुलावर बसायची आणि नुसत्या पोळ्या मोजायची. मार्चच्या मध्यापर्यंत सहा नकार, एका ठिकाणी वेटिंग, आणि ओहायोचं काहीच नाही.

एका दुपारी विनीता एकटी आली. डबा भरताना सहज बोलून गेली, "ताई, ते पान फाटलं नसतं ना, तर ओहायोची तरी आशा..." आणि तिने जीभ चावली.

"कुठलं पान?"

तिला सांगावंच लागलं. ओलं कुंकू, वर नारळाचं वजन. रात्रीत पहिलं पान समोरच्या पानाला चिकटून बसलं होतं. शिकागोत पियानोवाला ते सोडवायला गेला, तेव्हा उभं फाटलं.

तव्यावरची पोळी करपली तरी मला कळलं नाही. विनीता गेल्यावर देवापुढे बसले. मागावं काय तेच सुचेना. ज्याच्या नावानं मी हा घोळ घातला, त्यालाच कसं सांगायचं, की आता तूच निस्तर?

संध्याकाळी रुही धावत आली. "मम्माने सांगितलं ना? मावशी, लिसन. तू रडू नको, मी दाखवते."

तिने माझा पोळपाट मांडीवर घेतला. तो पियानो. "हा पियानोवाला, टकलू, चष्मा. फाइल उघडतो. सर्रर्र! तुझे तांदूळ सगळे कीबोर्डवर. तो एकदा तांदळाकडे बघतो, एकदा माझ्याकडे. मग पान ओढतो. फाट! टेबलामागे तीन परीक्षक. एक बाई विचारते, वेडिंगमधून आलीस का डायरेक्ट?"

मला रडू येत होतं आणि हसूही. "मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मावशीने ब्लेसिंग दिलंय, जरा जास्त झालं."

"आणि गाणं?"

"दुसरी कॉपी फोनमध्ये होती, पण फोन बाहेर ठेवायला लावतात. ती बाई म्हणाली, दुसरं गाणं घे. पण ते गाणं मी ओहायोसाठीच बसवलं होतं. म्हटलं, नको, मला फक्त एक सूर द्या. पियानोवाल्याने एक पट्टी दाबली. मी गायले, आख्खं, पियानोशिवाय." तिने पोळपाट खाली ठेवला. "मावशी, सगळा वेळ मला तुझा एक्झॉस्ट फॅन ऐकू येत होता. शेवटची ओळ संपली, आणि टकलूने हळूच तीच पट्टी परत दाबली. मी बरोब्बर तिच्यावर होते. मग परीक्षकांकडे वळून त्याने नुसत्या भुवया वर केल्या."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"नकार आला असता तर तू स्वतःला बोल लावत बसली असतीस. होकार आला की सांगणार होते." बाकीच्या ऑडिशनसाठी तिने हॉटेलातच नव्या प्रती काढल्या होत्या.

त्या दिवसापासून मी देवाकडे एवढंच म्हणत होते, तिनं तिचं काम चोख केलंय, ते वाया जाऊ देऊ नकोस.

मार्चचा शेवटचा गुरुवार. ओहायोचं उत्तर चार वाजता येणार होतं. विनीता आणि रुही माझ्याकडेच होत्या. पावणेचारला दार वाजलं. बघते तर यतीन, ऑफिसातून लवकर आलेला, तसाच आत.

"यतीन, बूट काढ आधी."

"सॉरी ताई." बूट काढून तो फ्रिजला टेकून उभा राहिला. लॅपटॉप ओट्यावर, पिठाच्या डब्याशेजारी. चार वाजले. रुहीने माझा पिठाचा हात घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं. पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे उडायला लागले.

मला इंग्रजी वाचायला वेळ लागतो. पण रुहीची किंकाळी कुठल्याही भाषेत कळली असती. विनीता खालीच बसली. यतीनने पत्र मोठ्याने वाचायला घेतलं. पहिल्या ओळीला तो अडखळला, म्हणून त्याने परत सुरुवातीपासून वाचलं.

"ताई, तो फॅन बंद करा ना जरा, वाचलेलं कुणाला ऐकू जात नाहीये!" तो म्हणाला.

"राहू दे तो, बाबा," रुही म्हणाली.

मग तिने तो सूर धरला आणि गायला लागली, सहाव्या वर्षी मोडक्या शब्दांत म्हटलेलं तेच कडवं. आता शब्दही सगळे जागेवर होते. यतीन डोळे पुसत नागपूरला आईला फोन लावत होता. तिकडे पहाटेचे अडीच वाजले होते, पण त्याला भान कुठलं! मी देवापुढे साखर ठेवली.

दोन दिवसांनी त्या परीक्षक बाईंचा रुहीला अभिनंदनाचा फोन आला. ठेवताना म्हणाल्या, तांदूळवाल्या मावशींना आमचा नमस्कार सांग.

ऑगस्टमध्ये यतीन कबूल केल्याप्रमाणे स्वतः गाडी चालवत तिला सोडायला गेला. निघताना गाडी माझ्या दारात थांबवली. रुही उतरली, वाकून नमस्कार केला आणि नवी कोरी फाइल माझ्या हातात ठेवली.

"मावशी, श्री काढ."

मी आत कुंकवाचा करंडा आणायला वळले, तशी तिने मला दंडाला धरून थांबवलं आणि कानामागची पेन्सिल काढून हातात दिली.