पाणी प्यायचा प्रवेश

"बस. ओंजळ धर."

वकिलीणबाई एवढंच बोलल्या. आणि मी बसले. उकिडवी बसून ओंजळ तोंडाला लावली. त्यांनी वरून तांब्या ओतला. पोटात कमी, कोपरावरून जास्त गेलं. बाकीचे नट त्याच माठातलं पाणी पेल्यानं पिले होते. बाई म्हणाल्या, "दुष्काळ हाय, पेले विसळायला पाणी कुठून आणू?" विसळायची अडचण तेवढी माझ्याच पेल्याला आली.

लातूर नुकताच नवा जिल्हा झाला होता. नव्या कचेरीत मी टायपिस्ट. औशाजवळच्या खेड्यातली, बौद्धाची लेक. मोठमोठ्या साहेबांचे हुकूम माझ्या हातून टाइप व्हायचे. आणि एक बाई बस म्हणाली तर मी बसले! कुणी मानगूट धरली नव्हती. त्याची लाज मला अजून खाते.

दरसाल भरणारा नाट्यमहोत्सव त्या साली लातूरला होता. बंगाल, केरळ, परदेशातलीबी मंडळी येणार. आमचं, लातूरच्या हौशी मंडळींचं, नाटक दुष्काळावर. वकिलीणबाई त्यात पाटलीण, मी मजूरबाई. ओंजळीचं हे घडलं ते तालमीच्या हॉलात, मधल्या सुट्टीत. पुण्याचे दिग्दर्शक बघत होते. धावत आले. मला वाटलं, बाईंना झापतील.

त्यांनी टाळी वाजवली. "वा! असंच स्टेजवर प्यायचं. काय अस्सल आहे!"

झालं. नाटकात नवा प्रवेश घातला. रोजच्या तालमीला मी बसायची, प्यायची. सगळे म्हणायचे, लई भारी करतीस. कचेरीत टाइप करता करता कोपरं ओली वाटायची. पुसायला जावं तर कोरडी ठणठणीत. डोळे मिटले की वरून धार यायची.

प्रयोगाच्या सकाळी मायला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ती ओंजळ मीच शिकवली गं तुला. पाटलाच्या हिरीवर. हात गच्च धर, सांडू नको म्हणायची. आता ते लोकायला दाखवणार व्हय?"

मी पिशवी उचलली, नाटकाला निघाले.

तिसरी घंटा झाली. पुढं साहेब, पाव्हणे, गोरे लोक. माय पार मागं, बाकड्यावर. आमचा प्रवेश आला. बाई म्हणाल्या, "बस." मी उभीच. पुन्हा म्हणाल्या. विंगेतून दिग्दर्शक फुसफुसले, "अगं, बस ना!" मी तांब्याला हात घातला. बाई सोडीनात. भर स्टेजवर ओढाताण. हिसकला, तोंडाला लावला, उभ्यानं पिले. घटाघटा. तांब्या त्यांच्या हातात परत दिला.

एक टाळी पडली नाही. माय तेवढी उठून उभी होती.

विंगेत दिग्दर्शक अंगावर धावून आले. "प्रयोगाचं वाटोळं केलंस! कळतं का तुला?"

म्हणलं, "सर, बाईनं मला नाटकात न्हाई, खरंच तसं पाणी पाजलं व्हतं. तवा तुम्ही टाळी वाजवली."

त्यांनी मान फिरवली. मला नाटकातून काढलं. ती धार अजून डोळ्यापुढून जात नाही. जाणारबी नाही, मला ठाऊक आहे.

पण आता कुणी आमच्यावर नाटक बसवलं की मी तालमीला जाऊन दारात उभी राहते. विचारते, कुणाला विचारून दाखवताय? उत्तर आलं नाही, तर प्रयोगाला पडद्याची दोरी धरून उभी राहते; त्या नाटकाचा पडदा मी उघडू देत नाही.