वाढ्यांचा रविवार

आमच्या चर्चच्या मंडळीत साक्ष द्यायला उभा राहणारा माणूस आधी आपली दारू, पत्ते, मारामाऱ्या असं सगळं रंगवून सांगतो आणि मग प्रभूच्या पायाशी येतो. ऐकणाऱ्यांनाही पहिला भागच जास्त आवडतो. माझ्याकडे तसा काही ऐवज नाही. मी आयुष्यभर गावच्या दूध संस्थेत सेक्रेटरी होतो आणि चहासुद्धा बिनसाखरेचा पितो. सांगण्याजोगं माझं पाप एकच. एका दुष्काळात मी माझ्या बायकोशी नऊ दिवस फोनवर खोटं बोललो, आणि तेही एका गाईवरून.

आमचं गाव केज तालुक्यातलं, युसूफ वडगावपासून फार लांब नाही. त्या वर्षी विहिरींनी संक्रांतीलाच तळ दाखवला आणि गाव टँकरवर आलं. संस्थेत पूर्वी दूध घालणाऱ्यांची रांग लागायची, तिथे आता संध्याकाळी एक कॅन अर्धा भरला तरी मोठी गोष्ट होती. मी फॅट काढायच्या यंत्रापाशी बसून माश्या मारत असे. मुलगी नगरला दिलेली. तिचं दुसरं बाळंतपण खरं तर आमच्याकडे व्हायचं, पण टँकरच्या पाण्यावर बाळंतिणीला कुठे आणणार? म्हणून सुमन, म्हणजे माझी बायको, तिकडे निघाली. जाताना तिने मला सूचना दिल्या. माझ्या जेवणाखाण्याविषयी दोन आणि मार्थाविषयी वीस.

मार्था म्हणजे आमची लाल कंधारी गाय. बायबलमधली मार्था सदा घरकामात गुंतलेली; आपल्याही घरात एवढी एकच कामाची बाई आहे, असं म्हणून सुमनने हे नाव ठेवलं होतं. आम्हाला मुलगा नाही, मुलगी सासरी, त्यामुळे त्या गाईवर सुमनचा जीव किती होता ते मी शब्दांत सांगू शकत नाही. मार्था त्या वेळी सात महिन्यांची गाभण होती. घरात कडब्याची पेंढी उरली नव्हती, म्हणून तिला माळावरच्या चारा छावणीत बांधलं होतं. गावच्या सहकारी संस्थेने ती छावणी उघडली होती. दुसऱ्या मुलखातून ट्रक भरून उसाचे वाढे, म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला यायचा, आणि प्रत्येक जनावराला ठरलेला वाटा मिळायचा. मालकांनीही तिथेच बाजा टाकल्या होत्या. मीही मार्थाच्या शेजारी बाज टाकली.

सुमन गेली त्याच दिवसापासून मार्थाने चारा खाणं सोडलं. वाढ्यांची टोकं तेवढी चावायची आणि मान फिरवून रस्त्याकडे बघत राहायची. रोज संध्याकाळी सुमनचा फोन यायचा.

"खाती ना ती?"

"खाते की."

"रवंथ?"

"बसल्या बसल्या तेच चाललेलं असतं."

पाचव्या दिवशी तर मी मार्था जरा अंगाने भरली आहे असंही सांगून टाकलं. खोट्याला उतार लागला की ते आपोआप पळतं. सुमन काळजीने निघून येईल, तिकडे बाळंतीण एकटी पडेल, असं मी स्वतःला समजावत होतो. खरं कारण वेगळं होतं. एक गाय सांभाळायला दिली आणि तीही याला जमली नाही, हे मला तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

जनावरांचे डॉक्टर दोनदा आले. इंजेक्शनं झाली, पाचक पुड्या झाल्या. शेवटी त्यांनी मार्थाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "हिला रोग न्हाई, सेक्रेटरी. ही माणूस हुडकायलीय. वहिनींचं लुगडं नेसून चारा टाकून बघा. लई जनावरं फसत्यात त्याला."

हा आमच्याकडचा जुना उपाय आहे. मी घरून सुमनची वापरातली साडी आणली, धोतरावरून गुंडाळली, डोक्यावरून पदर घेतला आणि वाढ्यांची पेंढी घेऊन गाईपुढे गेलो. अख्खी छावणी बघायला जमली. कुणीतरी मला हळद-कुंकवालाही बोलावलं. मार्थाने साडी हुंगली, मग वर माझ्या मिशांकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्या नजरेत जी कीव होती ती मी अजून विसरलेलो नाही.

डॉक्टरांनी जाताना विचारलं होतं, "चारा टाकताना वहिनी अजून काय करायच्या?" मी म्हणालो, एक भजन म्हणायच्या, रोज तेच. "मग तुमीबी म्हना की!" मी औषधाच्या पुड्या मोजायला लागलो. साडी नेसायला तयार झालेला माणूस गायला तयार नव्हता, हे ऐकून तुम्हाला हसू येईल. पण त्यालाही इतिहास आहे.

त्या दुष्काळाच्या बारा वर्षं आधी आमच्या मंडळीतल्या दानियल मास्तरांनी, जे पेटी वाजवतात आणि गाणाऱ्यांचे पुढारी आहेत त्यांनी, उपासनेनंतर मला बाजूला घेतलं. "सेक्रेटरी, राग मानू नका. देवानं तुमाला अक्षर दिलं, गळा न्हाई दिला. तुमी दाराशी उभं ऱ्हावा, लोकांना जागा दावत जावा." त्या दिवसापासून मी दाराशी उभा राहिलो आणि गाताना ओठ घट्ट मिटून घेतले. मनात म्हणायचो, देवा, तुलाही माझा आवाज नको असेल तर राहिलं. दिसायला ही नम्रता होती. आतून निव्वळ रुसवा होता, आणि मी तो बारा वर्षं मुरांब्यासारखा जपून ठेवला होता.

प्रार्थना मात्र मी करत होतो, पण तीही सेक्रेटरीसारखी. आधी विषय, मग कारणं, मग उपरोक्त बाबींचा विचार होऊन गाय चारा खाईल अशी व्यवस्था व्हावी. खाली सही करायचीच काय ती बाकी. उत्तर आलं नाही. नवव्या दिवशी मार्था बसली ती उठेना. डॉक्टर म्हणाले, उद्या-परवापर्यंत उभी राहिली नाही तर गाय आणि पोटातलं वासरू दोन्ही गेलं म्हणून समजा. मी बाजेवर बसून राहिलो. या उघड्या माळावर देवाला एक गाय दिसत असेल का, असा प्रश्न माझ्या मनात पहिल्यांदा आला, आणि त्याचं उत्तर नाही असंच मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार होता. प्रभू गाढवावर बसून नगरात आले आणि लोकांनी झावळ्या हलवून त्यांचं स्वागत केलं, त्याची आठवण म्हणून आम्ही दर वर्षी ओढ्याकाठच्या शिंदीच्या झावळ्या घेऊन गावातून मिरवणूक काढतो. झावळ्या आणायचं काम दारावरच्या माणसाचं, म्हणजे माझं. त्या वर्षी शिंदी शेंड्यापर्यंत वाळली होती आणि जे काही हिरवं होतं ते शेळ्यांनी आधीच मिरवलं होतं. मग मी छावणीत चारा वाटणाऱ्या युनूसभाईंकडे गेलो आणि एका सकाळपुरते दोन भारे वाढे उसने मागितले.

"एक काडीबी भाईर जायाची न्हाई, सेक्रेटरी साब," ते म्हणाले. "तपासणीवाले कवाबी येत्यात." मग माझा चेहरा बघून जरा थांबले. "तुमचे येशू म्हंजी आमचे ईसा, आमचेबी नबी हायती. आसं करा, मिरवणूकच छावणीत आणा. हितं हलवा, हितंच जनावरास्नी टाका. फक्त गाढव आणू नका. गाढवाला चारा देयाची परवानगी न्हाई मला."

आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पाद्री, तरुण आणि उत्साही. त्यांना ही कल्पना फारच आवडली. सृष्टीसह स्तुती, असं काहीतरी ते म्हणाले. चाळीसेक माणसं पांढरेशुभ्र कपडे घालून सकाळी छावणीच्या फाटकाशी जमली. प्रत्येकाच्या हातात कालच्या ट्रकमधला हिरवागार वाढा. दानियल मास्तरांनी पेटी गळ्यात अडकवली होती. पाळकसाहेबांनी दोन शब्द सांगितले, की त्या दिवशी माणसं गप्प बसली असती तर रस्त्यावरचे दगड गायले असते. 'दगड' म्हणताना मास्तरांनी सहज माझ्याकडे पाहिलं. सहजच असेल. पण मला ते झोंबलं आणि मी मिरवणुकीच्या सगळ्यात मागे जाऊन मार्थापाशी उभा राहिलो.

एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. आमच्या मंडळीतले बहुतेक सगळे गुराढोरांत वाढलेले. मी तर दूध संस्थेचा माणूस. तरीही उपाशी जनावरांच्या रांगांमधून हिरवा चारा नाचवत नेऊ नये, एवढं आम्हाला कळलं नाही. त्यात त्या दिवशी ट्रकला उशीर झाला होता.

मास्तरांनी सुरू केलं ते नेमकं सुमनचं भजन. पहिलं कडवं फार सुरेख झालं. मी सवयीने ओठ मिटून मार्थाकडे पाहिलं तर तिचे कान उभे राहिले होते. बसल्यापासून पहिल्यांदा तिने मान उचलली होती. तेवढ्यात पलीकडे एका म्हशीने दावं तोडलं.

मग बाकीच्यांनीही उपटलेल्या खुंट्यांसकट तिच्यामागे धाव घेतली. होसान्नाचा जयघोष करणारी माणसं पुढे आणि तो ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नसलेली जनावरं मागे. म्हातारी एलिशिबाबाई म्हशीला म्हणत होती, "घे माय, पर लुगडं सोड." पाळकसाहेब पाण्याच्या टँकरवर चढले आणि तोल सांभाळायला त्यांनी दोन्ही हात पसरले, तर खालच्या काही लोकांनी आशीर्वाद समजून माना लववल्या. मास्तरांनी आपला वाढा पेटीत खोचला होता. एका खिल्लार बैलाने तो धरला. पट्ट्याने पेटी मास्तरांना बांधलेली, वाढा पेटीला, आणि आता बैल वाढ्याला. तिघेही छावणीच्या कडेच्या लिंबाच्या झाडाकडे गेले. पेटीचा शेवटचा सूर लांबत लांबत विरला आणि गाणं दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर थांबलं.

मार्थाने मान पुन्हा खाली टाकली.

आसपास गाणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणजे मी होतो. मला एवढंच आठवतं की मला एकाएकी रडू आलं. ते गाईसाठी होतं, सुमनसाठी होतं, की बारा वर्षांच्या त्या रुसव्यासाठी, ते माहीत नाही. या वेळी मी अर्ज केला नाही, कारणं दिली नाहीत. देवा, माझ्याकडे एवढंच आहे, असं म्हणून मी तोंड उघडलं आणि मास्तरांनी सोडलेलं कडवं पुढे म्हणायला लागलो. आवाज कसा होता ते विचारू नका. पळणारी दोन-तीन जनावरं जागच्या जागी थांबली, एवढं सांगतो. मी डोळे मिटून गात राहिलो. धृपद आलं, तिसरं कडवं आलं. मग हाताला खरखरीत जीभ लागली.

डोळे उघडले तर मार्था मागचे पाय टेकून उठू पाहत होती. एकदा कलली, दुसऱ्यांदा उभी राहिली. थरथरत होती, पण उभी होती, आणि माझ्या हातातला वाढा ओढून खात होती. मी गाणं थांबवलं की ती चघळायची थांबायची. म्हणून ते भजन मी त्या सकाळी सात वेळा म्हटलं.

युनूसभाई धावत आले. गाईकडे बघून त्यांनी वर आभाळाकडे हात केले आणि मग मला म्हणाले, "सेक्रेटरी साब, बुरा मानू नका, तुमच्या आवाजाला भिऊनच उठली आसल ती." डॉक्टर म्हणाले, औषध उशिरा लागू पडलं. मी कुणाशीच वाद घातला नाही. मास्तर पाचोळ्याने भरलेले केस घेऊन लिंबाकडून परत आले, थोडा वेळ ऐकत उभे राहिले आणि पेटीशिवायच माझ्यासोबत म्हणू लागले. शेवटी म्हणाले, "फुडच्या रविवारपासून दारात नगं. आमच्यात बसा." मग सवयीने भर घातली, "मागल्या रांगंत."

त्याच दुपारी मी सुमनला आपण होऊन फोन लावला आणि नऊ दिवसांचं सगळं खोटं पहिल्यापासून कबूल केलं. साडीचंही सांगितलं. मला वाटलं, आता रडेल.

"अहो," ती म्हणाली, "मग फोन तिच्या कानाला लावायचा न्हाई का? मी हितून म्हनलं असतं की."

नऊ दिवस रोज संध्याकाळी औषध माझ्या खिशात वाजत होतं आणि मी ते कानाला लावून खोटं बोलत होतो. प्रभूपाशीही माझं तेच चाललं होतं, हे मला त्या क्षणी कळलं. मी रोज त्याच्याशी बोलत होतो, फक्त खरं काय ते सांगत नव्हतो. आपल्याला जे चांगलं जमतं तेवढं त्याच्यापुढे ठेवावं आणि लाज वाटते ते दाराबाहेर ठेवावं, अशी माझी समजूत होती. त्याने मागून घेतलं ते नेमकं दाराबाहेरचं.

पुढे पाऊस यथातथाच झाला, पण झाला. सुमन नातवाचे फोटो घेऊन परत आली आणि तिच्या समोरच मार्था व्याली. कालवड झाली, आईसारखीच लाल. चीक संपून दूध सुरू झालं त्या सकाळी सुमन बादली घेऊन बसली आणि आपल्या गोड गळ्यात तेच भजन म्हणू लागली. मार्थाने पान्हा चोरला. सुमनने पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, कासेला कोमट पाणी लावलं, कालवड पुढे आणली. थेंब नाही. मग मार्थाने मान वळवली आणि दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं.

सुमननेही पाहिलं. तिच्या डोळ्यांत आधी राग आला, मग पाणी आलं, मग हसू.

"बघता काय?" ती म्हणाली. "म्हना की आता."

मी दार सोडून आत गेलो, घसा खाकरला आणि गायला लागलो. बादलीत पहिली धार वाजली.