तेबोआचा पहिला शब्द

तेबोआच्या गावाला दोन समुद्र आहेत. एक बाहेरचा. तो काळा-निळा, रात्रंदिवस खडकावर डोकं आपटणारा. दुसरा आतला, बेटाच्या कवेतला, उथळ आणि हिरवा. त्यात बाया शिंपले वेचतात, पोरं डुंबतात. दोहोंच्या मधे जी वाळूची पट्टी उरते तिच्यावर गाव वसलं आहे. पट्टी इतकी अरुंद, की मधल्या माडावर चढून कुणी गायला लागलं तर गाणं दोन्ही पाण्यांवर पोचतं.

तेबोआचं पोचायचं. पहाटे नीरा काढायला तो माडावर चढे, कोयत्याने पोयीचं टोक तासता तासता गाई, आणि खाली बाया चूल पेटवत म्हणत, तेबोआ चढला, आता उजाडेल.

तरुणपणी तो नौरूच्या खाणीत खताची माती उपसायला गेला होता. परत आला तेव्हा त्याच्यापाशी एक सायकल होती, एक रेडिओ होता आणि एक कोट होता, जो या उन्हात कुणी घालू शकत नव्हतं. त्याच आठवड्यात त्याचा मेहुणा कबुनारे दारात येऊन बसला. नीरा प्याला, मासा खाल्ला, हवापाण्याचं बोलला आणि शेवटी म्हणाला, "दाजी, सायकलीची बुबुती करतो."

बुबुती म्हणजे मागणं. नात्यातल्या माणसाने हा शब्द उच्चारून काही मागितलं तर नाही म्हणायचं नसतं. देणाऱ्याच्या घरात दुसरं काही उरो न उरो, नकार दिला तर तोंड दाखवायला जागा उरत नाही. सायकल गेली. पुढे रेडिओही गेला. कोटसुद्धा कबुनारेने नेला आणि होडीच्या भोकात कोंबला.

"तुम्ही पण मागा की काहीतरी," तेबोआची बायको रूता म्हणायची. कबुनारे तिचा सख्खा थोरला भाऊ. "दादाकडे डुकरं आहेत, होडी आहे. निदान सायकल तरी परत मागा."

"तुझ्या दादाकडे मी मागणार?" तेबोआ म्हणायचा. "त्यापेक्षा मी पोहत जाईन."

दोघांचं वाकडं होतं ते सायकलीवरून नव्हे. ते फार जुनं होतं. गावाच्या मधोमध मनेआबा उभा आहे: भिंती नसलेलं, माडाच्या खांबांवर तोललेलं मोठं छप्पर. त्याची कड इतकी खाली उतरलेली, की राजधानी तारावाहून आलेल्या मंत्र्यालाही कमरेत वाकूनच आत यावं लागतं. आत प्रत्येक घराण्याची जागा ठरलेली. आपल्या पूर्वजाच्या खांबापाशी चटईवर मांडी घालून बसायचं, दुसऱ्याच्या जागेवर चुकूनही टेकायचं नाही. आणि बैठक कसलीही असो, खोबऱ्याच्या भावाची असो की भांडणाची, पहिला शब्द तेबोआच्या घराण्याचा. तो झाल्याशिवाय दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. ज्या दिवशी ती जागा गप्प राहील, त्या दिवशी तो मान शेजारच्या खांबाकडे जाईल, असा त्या गावाचा रिवाज.

शेजारचा खांब कबुनारेचा.

"आमच्या पूर्वजाचा पाय आधी खडकाला लागला," कबुनारे माडीच्या दोन वाट्या पोटात गेल्या की म्हणायचा. "तुमचा अजून होडीतच बसला होता."

"बसून पहिली हाक मारली ना त्याने?" तेबोआ म्हणायचा. "पाय तर खेकड्यालाही असतात."

असं चाळीसेक वर्षं चाललं.

मग एका सकाळी गाणं आलं नाही. तेबोआ माडाखाली बसलेला सापडला, पाठ खोडाला टेकलेली, नीरेची करवंटी मांडीवर कलंडलेली. एक अंग लुळं पडलं होतं. हात पंधरवड्याने परत आला, पायही आला. तोंड आलं नाही. मनात शब्द पूर्वीसारखेच धडधाकट उभे असत, पण ओठापाशी आले की एकमेकांच्या अंगावर पडत. रूताला तेवढं कळायचं. बाकीचे मान हलवायचे आणि दुसरीकडे बघायचे. त्याला दुखायचं ते हे दुसरीकडे बघणं.

इओआने नावाचा त्याचा मुलगा परक्या जहाजावर खलाशी होता. बापामागे त्या खांबापाशी तोच बसणार. पण करार संपल्याखेरीज त्याला येता येत नव्हतं, आणि सरकारचं जहाज काही त्याच्यासाठी थांबणार नव्हतं. ते त्या महिन्यात आलं. तारावाचा एक अधिकारी उतरला. धक्क्याजवळ बर्फाचा कारखाना घालायचा होता, म्हणजे गावचे मासे राजधानीत विकता येतील. जागा गावाची, म्हणून गावाचा शब्द हवा होता.

आदल्या संध्याकाळी रूता म्हणाली, "नाही गेलं तर नाही का चालायचं? आजारी आहात, लोक समजून घेतील."

तेबोआने नकारार्थी मान हलवली. लोक समजून घेतील हे त्याला ठाऊक होतं. समजून घेतील, आणि मान हळूच एक खांब पलीकडे सरकेल. इओआने परत येईल तेव्हा बापाच्या जागेवर एका मुक्या घराण्याचा मुलगा म्हणून बसेल. त्याने स्वच्छ सदरा मागितला. रूताने तो काढून ठेवला.

सकाळी मनेआबा भरला. अधिकाऱ्याने रीतीप्रमाणे म्हाताऱ्यांपुढे तंबाखूच्या कांड्या ठेवल्या आणि पाहुण्यांच्या जागी बसला. बाया मागच्या ओळीत केवड्याच्या चटयांवर. वारा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जात होता. सगळे तेबोआकडे बघत होते, आणि बघत नसल्यासारखं करत होते.

तेबोआने तोंड उघडलं. घशातून काहीतरी निघालं, ओठाशी चेपलं, आणि लाळ हनुवटीवर आली. ती त्याने बाहीने पुसली. पुन्हा प्रयत्न केला. मागून एक मूल हसलं आणि त्याच्या आईने त्याला कुशीत ओढलं.

अधिकारी अशाच एका बेटावरचा होता, त्याला रीत माहीत होती. तो वाट बघत बसला. जहाज मात्र संध्याकाळच्या भरतीला निघणार होतं. शेवटी गावातला सगळ्यांत जुना म्हातारा इओतेबा खाकरला आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "जागा बोलत नसेल तर..."

पुढचं सगळ्यांना माहीत होतं. माना कबुनारेकडे वळल्या. कबुनारे ताठ बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. ज्याची वाट बघत त्याचे केस पिकले होते, ते त्याच्या दारात येऊन उभं होतं. तरी त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना. जेवणात काहीतरी भलतंच लागल्यासारखा तो चेहरा होता.

तेबोआने ते पाहिलं. मग जागेवरून न उठता तो शेजारच्या खांबाकडे वळला, उजवा हात पुढे केला, तळवा वर.

"बु," तो म्हणाला. थांबला. ओठ बोटांनी दाबून धरले, सोडले. "बु. ती."

तेबोआने कबुनारेच्या तोंडाकडे बोट केलं. मग ते बोट वळवून आपल्या पाठीमागच्या खांबावर टेकवलं.

मागच्या ओळीत रूताने डोळे मिटून घेतले. आयुष्यात नवऱ्याने तिच्या भावाकडे काही मागितलेलं तिने पाहिलं नव्हतं.

"माझं तोंड मागतोस," कबुनारे हळू म्हणाला.

तेबोआने मान डोलावली.

"तुझ्या खांबासाठी."

तेबोआचा हात अजून पुढेच होता.

कबुनारेने त्या पुढे केलेल्या तळव्याकडे पाहिलं. मग तो आपल्या जागेवरच बसून, पण तोंड तेबोआच्या खांबाकडे करून, मोठ्याने बोलला. "माउरी. हे तोंड कबुनारेचं आहे, शब्द तेबोआचा आहे. होडीतून पहिली हाक मारली ती..." त्याने घसा साफ केला. "ती आमच्या पूर्वजाने. म्हणून पहिला शब्द आमचा. बैठक सुरू करा."

"माउरी," सगळ्या मनेआबाने उलट अभिवादन केलं, आणि त्या आवाजात कुठेतरी हसू होतं, पण ते कुणी बाहेर येऊ दिलं नाही.

बर्फाच्या कारखान्याला जागा मिळाली. वाद झाला, दोन घराणी रुसली, दुपारी डुक्कर कापलं, संध्याकाळी जहाज गेलं.

काळोख पडायच्या सुमाराला कबुनारे मेहुण्याच्या घरी आला. नारळाच्या दुधात शिजवलेली उडती मासळी केळीच्या पानात गुंडाळून त्याने रूताच्या हातात दिली आणि ओट्यावर बसला.

"गावासमोर माझ्याकडून वदवून घेतलंस," तो म्हणाला. "माझा आजा थडग्यात कुशीवर वळला असेल."

तेबोआ हसला. हसताना त्याचं तोंड एका बाजूलाच गेलं.

"तू तरी नको हसू, रूते. तूही हसते आहेस." कबुनारेने पाण्याकडे बघितलं. "पोरगा येईतोवर मी बोलेन. आल्यावर तो आणि त्याचं नशीब. पण आज मी चुकलो. पूर्वजाच्या उल्लेखानंतर तुमच्यात काहीतरी म्हणतात. तुझा बाप म्हणायचा. मी लहानपणी ऐकलंय, आता आठवत नाही. अर्धवट बोलायचं असेल तर मी बोलणार नाही."

तेबोआने ओठ सावरले. मग एक नाव उच्चारलं. ते होडीचं नाव होतं, लांब आणि जुनं, आणि त्याच्या तोंडून ते मोडून तुकडे तुकडे झालं.

"पुन्हा," कबुनारे म्हणाला.

तेबोआने पुन्हा म्हटलं. रूता सांगायला पुढे झाली, पण भावाने हाताने तिला थांबवलं.

"त्याला सांगू दे."

तेबोआने तिसऱ्यांदा सावकाश म्हटलं. कबुनारे कान पुढे करून ऐकत होता, दुसरीकडे कुठेही बघत नव्हता. मग त्याने ते नाव जसं ऐकलं तसंच, तितकंच मोडलेलं, म्हणून पाहिलं. तेबोआने मान हलवली: नाही. कबुनारेने पुन्हा म्हटलं, थोडं सरळ. नाही. पुन्हा म्हटलं.

रूताने आत जाऊन मासळी तिघांत वाटली.